गेरूखालची भिंत: एका आश्रमशाळेतील वारली चित्रांच्या दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका निवासी आश्रमशाळेला नवी इमारत मिळाली. मुले बहुतेक वारली, काही कोकणा आणि ठाकूर. दर्शनी व्हरांड्याची ४२ फूट लांब, ८ फूट उंच भिंत आणि जेवणघरातली २० फुटांची भिंत वारली चित्रांनी रंगवायची, असे शाळा समितीने ठरवले. अट एकच होती: साहित्य पारंपरिक हवे. गेरू, तांदळाचे पीठ, बांबूची काडी. बाजारचा रंग चालणार नाही.

गिलावा ऑक्टोबरच्या अखेरीस झाला. नोव्हेंबरमध्ये कंत्राटदाराने त्यावर फिकट पिवळा ड्राय डिस्टेंपर मारून इमारत ताब्यात दिली. डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलन होते. त्याआधी डहाणूकडच्या तीन वारली चित्रकारांनी दोन्ही भिंती पूर्ण केल्या. काम देखणे होते. व्हरांड्यात मधोमध तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणारा तारपावाला, त्याच्याभोवती कमरेला हात घालून गोल फिरणारी नाचणाऱ्यांची साखळी, एका बाजूला आवणी (भाताची लावणी), दुसऱ्या बाजूला झोडणी (भात झोडपून दाणे काढणे), वर डोंगर आणि ताडावर चढणारे गडी. जेवणघरात जात्यावरच्या बाया, विहीर, मासे धरणारी पोरे.

दर ठरला तो चौरस फुटावर आणि फक्त चित्राचा. भिंत तयार करणे कुणाच्याच कामात धरलेले नव्हते. कंत्राटदाराच्या लेखी भिंत तयार होती आणि चित्रकारांना ती तयार म्हणून मिळाली होती. पुढच्या सगळ्या त्रासाचे मूळ या एका व्यवहारात आहे, असे आमचे मत आहे.

वारली चित्र मुळात कोणत्या भिंतीवर उभे राहिले हे इथे सांगायला हवे, कारण तांदळाच्या पांढऱ्या रेघेचे सगळे गुण त्या भिंतीतून येतात. घराची भिंत म्हणजे कूड: कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, दोन्ही बाजूंनी माती आणि शेण लिंपायचे, वरून शेणाचे सारवण आणि त्यावर गेरूचा हात. अशी भिंत पाणी पिते आणि सोडते. तांदळाची पातळ पिठी तिच्यात किंचित मुरते, शेणातल्या धाग्यांना धरून सुकते. शिवाय हे चित्र वर्षानुवर्षे टिकावे म्हणून काढलेलेच नसते. लग्नाला भिंत सारवायची, चित्र काढायचे, पुढे ते धुरात, ओलीत विरत जाते. पुढच्या लग्नाला पुन्हा सारवण, पुन्हा चित्र.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून हे चित्र कागदावर आले. डहाणूजवळच्या गंजाड गावचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ते लग्नघराबाहेर, रोजच्या जगण्याच्या आणि गोष्टींच्या चित्रणापर्यंत नेले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. कागद आणि शेण-गेरूने तयार केलेले कापड हे दोन्ही आधार शोषणारेच होते, त्यामुळे रेघेचा स्वभाव फारसा बदलला नाही. सिमेंटची रंगवलेली भिंत हा मात्र वेगळाच आधार आहे. इमारतीच्या कामात तो फरक कुणी विचारात घेत नाही.

काय बिघडले

जूनमध्ये पाऊस लागला. ऑगस्टपर्यंत व्हरांड्याची भिंत तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी खराब झाली होती.

जमिनीपासून सुमारे अडीच फुटांपर्यंत गेरू फुगला, त्यातून पांढरी कापसासारखी बुरशी वाटावी अशी पूड बाहेर आली आणि पोपडे पडले. ती बुरशी नव्हती, लोणा होता, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार. वरच्या भागात गेरू बराचसा जागेवर होता, पण पांढऱ्या रेघा कडा वर वळवून, बोटभर लांबीच्या तुकड्यांनी सुटत होत्या. सगळ्यात आधी गेली ती जाड भरलेली शरीरे. एकहाती ओढलेल्या बारीक रेघा, म्हणजे हात, पाय, झाडांच्या डहाळ्या, शाबूत होत्या. जेवणघराच्या भिंतीवर हात धुण्याच्या नळांजवळ काळे ठिपके पडले. ती खरी बुरशी. तिथेच काही माणसांची डोकी आणि माशांची पोटे झुरळांनी कुरतडली होती. तांदूळ तो तांदूळच.

पहिली प्रतिक्रिया दोन्हीकडून रागाची होती. समितीला वाटले, चित्रकारांनी साहित्यात कसर केली. चित्रकारांना वाटले, भिंत मुलांनी धुतली असावी. एका सदस्याने सुचवले की वरून पारदर्शक वॉर्निश मारून घ्यावे. ते झाले नाही हे बरे. ओल आतून येत असताना वरून वॉर्निशचा पडदा घातला, तर पाणी आणि क्षार त्याच्यामागे कोंडतात आणि चित्र पत्र्यासारखे एकसंध सुटते.

तपासणी

सप्टेंबरअखेर भिंत नीट पाहिली गेली. साधने साधी होती. अशा कामात ती पुरतात.

पहिली पाहणी पोपड्याच्या पाठीची. सुटलेला तुकडा उलटा करून पाहायचा. पाठीला डिस्टेंपरची पिवळी पूड चिकटलेली असेल, तर तुटले ते डिस्टेंपरमध्ये. पाठ स्वच्छ गेरूची असेल, तर गेरू आणि डिस्टेंपर यांची पकडच बसली नव्हती. पांढऱ्या रेघेच्या पाठीला लाल पूड असेल, तर गेरूत बांधणी, म्हणजे रंग धरून ठेवणारा डिंकासारखा चिकट भाग, कमी. इथे व्हरांड्याच्या तुकड्यांच्या पाठी बहुतेक पिवळ्या निघाल्या. ड्राय डिस्टेंपर म्हणजे मुख्यतः खडू आणि थोडा सरस (चिकटवणारा गोंद). कोरड्या हाताने घासले तरी हाताला लागतो. त्यावर ओला गेरू लावताना सरस पुन्हा मऊ होतो. वरची तांदळाची पिठी सुकताना आकसते आणि आकसताना खालच्या कमजोर थराला ओढून काढते. रेघ जितकी जाड, तितकी ओढ जास्त. म्हणून भरलेली शरीरे आधी गेली आणि बारीक हातपाय राहिले.

दुसरी पाहणी ओलीची. दीड फूट चौरस प्लास्टिकचे तुकडे भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवले. जोत्याजवळच्या तुकड्यांमागे पाण्याचे थेंब जमले, छातीच्या उंचीवरचे कोरडे राहिले. म्हणजे ओल खालून चढत होती. कारणही सापडले: छपराच्या पन्हाळीचा नळ जोत्याला लागूनच सोडला होता आणि व्हरांड्याच्या भिंतीमागे पाणी साचून राहत होते.

तिसरी चौकशी साहित्याची. चित्रकारांनी काहीही लपवले नाही. सांगण्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. सिमेंटवर पिठी धरणार नाही, या काळजीने त्यांनी डिंक नेहमीच्या दुप्पट घातला होता. डिंक वाढला की रेघ चकचकीत आणि कडक होते, सुकताना तडकते आणि कडा उचलते. टिकावासाठी केलेला उपाय उलटा पडला. दुसरी गोष्ट घाईची. तांदळाची पिठी ओली असताना जवळजवळ पारदर्शक दिसते, पांढरेपणा सुकल्यावरच उमटतो. मुरलेला हात हे जाणतो आणि एकदा ओढलेल्या रेघेवर पुन्हा जात नाही. इथे भराव करायला, म्हणजे आकार आतून भरायला, शाळेतली मोठी मुले मदतीला होती. त्यांना रेघ फिकी वाटली की ती तिच्यावर दुसरा, तिसरा हात देत होती.

गेरूही पाहिला. तो दुकानातून तयार पूड म्हणून आणलेला होता. भांड्यात पाण्यात ढवळून ठेवला, तेव्हा खाली जड गाळ बसला आणि वरचे पाणी गुलाबी राहिले. खरा गेरू निवळल्यावर पाणी जवळजवळ स्वच्छ होते. पाणी रंगीत राहिले की त्यात रंग मिसळलेला आहे असे समजायचे. हा दोष दुय्यम होता, पण भिंतीचा लाल काही ठिकाणी उडून विटकरी का झाला, ते यातून कळले.

समोर आलेले पर्याय

चार पर्यायांवर बोलणे झाले.

पहिला: तसेच पुन्हा, पण नीट. डिस्टेंपर पूर्ण खरवडून, उघड्या गिलाव्यावर गेरू आणि तांदूळ. खर्च कमी, अटही पाळली जाते. अडचण अशी की व्हरांडा अर्धा उघडा आहे, पावसाची झड आत येते आणि ४५० मुलांचे खांदे रोज भिंतीला घासतात. पाण्यात विरघळणारी पिठी अशा जागी एका पावसाळ्यापुढे टिकणार नाही.

दुसरा: चुन्याचा हात. चुन्यात गेरू मिसळून आधार करायचा आणि पांढरी रेघ गाळलेल्या चुन्याची. गेरू चुन्याला घाबरत नाही आणि चुन्याने भिंतीचा श्वासही बंद होत नाही. तंत्र म्हणून हा पर्याय आम्हाला सर्वांत प्रामाणिक वाटला होता. पण चुन्याची बारीक रेघ नुसती ओढली तर पूड होऊन झडते, तिला वेगळी बांधणी लागते. चुना डोळ्यांत, त्वचेला लागतो, म्हणजे मुलांना कामात घेता येत नाही. चित्रकारांचा हातही त्यावर बसलेला नव्हता. वेळ असता तर एका कोपऱ्यावर तरी करून पाहायला हवे होते.

तिसरा: बाहेरच्या भिंतींसाठीचा ॲक्रेलिक इमल्शन रंग, गेरूच्या छटेत, आणि त्यावर पांढरा ॲक्रेलिक. टिकाऊ, पुसता येणारा. पण समितीची मूळ अट मोडते आणि रेघेचा पोतही जातो. याच चर्चेत स्थानिक रंगाऱ्याने लोखंडाला मारतात तो रेड ऑक्साईड सुचवला, कारण रंग हुबेहूब गेरूसारखा दिसतो. तो नाकारला गेला. तो तेलाच्या बांधणीचा असतो. ताज्या सिमेंटमधला क्षार तेलाला साबणासारखा विरघळवतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. ही चूक सरकारी इमारतींवर वारंवार दिसते.

चौथा: सिमेंटच्या भिंतीवर चित्रच काढायचे नाही. कारवीच्या कुडाचे सुटे फलक करायचे, माती-शेणाने लिंपायचे आणि पारंपरिक चित्र त्यांच्यावर काढून फलक कोरड्या जागी टांगायचे.

सिमेंटवर थेट शेणमाती लिंपण्याचाही विचार झाला. गुळगुळीत गिलाव्याला माती धरत नाही. टोचे मारून, जाळी ठोकून धरवता येते, पण नव्या इमारतीच्या भिंतीला टोचे मारू द्यायला समिती तयार नव्हती, आणि त्यांचे बरोबर होते.

निर्णयाची पहिली जागा: अट कशासाठी होती

चर्चा आठवडाभर अडकली ती ‘पारंपरिक’ या शब्दावर. समितीतल्या शिक्षकांना ॲक्रेलिक म्हणजे पराभव वाटत होता. गाठ सुटली ती गावातल्या दोन म्हाताऱ्या सवाशिणींना बोलावल्यावर. दोघींनी अनेक लग्नांत चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचे देवीचे चित्र, लिहिलेला. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि विचारले, इथे दर साली सारवण कोण घालणार? कुणाकडे उत्तर नव्हते. सारवण नसेल तर तांदूळही नाही, असे त्यांचे सरळ म्हणणे पडले.

यातून निर्णय असा निघाला: जिथे दरवर्षी नवे करता येईल तिथे शेण, गेरू, तांदूळ, जिथे चित्र वर्षानुवर्षे राहायला हवे तिथे टिकाऊ रंग. व्हरांड्याला तिसरा पर्याय, जेवणघराला चौथा. जेवणघराचे फलक नळांपासून दूर, समोरच्या कोरड्या भिंतीवर.

निर्णयाची दुसरी जागा: चौक

दुरुस्तीबरोबर प्रवेशद्वाराशेजारी एक मोठा लग्नचौक काढावा, अशी समितीची इच्छा होती. छायाचित्रांत तो सर्वांत भारदस्त दिसतो, हे खरे. चौकोनी चौकट, कडेने नक्षीच्या पट्ट्या, मधे लग्नात पुजली जाणारी पालघट देवी, शेजारी छोट्या चौकात पंचशिऱ्या देव.

चित्रकारांनी नकार दिला. चौक हा लग्नातला विधी आहे. सवाशिणी तो लिहितात, धवलेरी (लग्नाचे विधी चालवणारी बाई) गाणे म्हणते, देवीला बोलावले जाते. लग्न नसताना, चपलांच्या रॅकशेजारी पालघट मांडायची नाही. दोन्ही आज्यांचेही तेच मत. एका सदस्याने मधला मार्ग म्हणून देवीविना नुसती चौकट सुचवली. त्यावर चित्रकारांचे उत्तर विचार करण्यासारखे होते: रिकामा चौक म्हणजे बोलावून न आलेली देवी. प्रवेशाशी शेवटी भाताचे वर्ष घेतले गेले: राब भाजणे (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणे), पेरणी, आवणी, बेणणी (तण काढणे), कापणी, झोडणी, कणगी (धान्य साठवण्याची टोपली). मुलांना त्यातले प्रत्येक काम ठाऊक असते.

वारली चित्राला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याने नावाला संरक्षण मिळते. काय कुठे काढायचे, हे मात्र प्रत्येक कामात चित्रकारालाच सांगावे लागते. म्हणून विषयांची यादी कामाच्या कागदातच लिहून घ्यावी.

केलेले काम: व्हरांडा

आधी पाणी. पन्हाळीचा नळ जोत्यापासून चार फूट लांब नेला, मागे उताराचा चर काढला. भिंत ऑक्टोबर ते जानेवारी उघडी सुकू दिली. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढला आणि पूड गोळा करून बाहेर टाकली. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात. महिन्यात तीनदा झाडल्यावर नवा लोणा यायचा थांबला. जानेवारीत प्लास्टिकची चाचणी पुन्हा केली, सगळे तुकडे कोरडे निघाले.

डिस्टेंपर खरवडणीने आणि तारेच्या ब्रशने पूर्ण काढला. इथे रंगारी कंटाळतात आणि वरवर घासून मोकळे होतात. परीक्षा सोपी: काळे फडके भिंतीवर दाबून ओढायचे, पांढुरके झाले तर अजून डिस्टेंपर आहे. नंतर क्षाराला टिकणारा बाहेरच्या भिंतींचा प्राइमर एक हात, एक दिवस सुकवण, मग इमल्शनचे दोन हात. ३३६ चौरस फुटांना इमल्शन ७ लिटरच्या आत बसले. रोलर वापरला नाही. रुंद ब्रशने आडवे-उभे हात दिले, म्हणजे सारवणासारखी थोडी हालचाल पृष्ठभागावर राहिली.

छटा जमवायला तीन नमुने करावे लागले. तयार ‘टेराकोटा’ फार केशरी पडला. दुसऱ्या नमुन्यात इमल्शनमध्ये खरा गेरू मिसळला. रंग सुंदर आला, पण सुकल्यावर हाताला लागू लागला, कारण पूड वाढली की तिला धरून ठेवणारी बांधणी कमी पडते. तिसऱ्यात पांढऱ्याऐवजी गडद मिश्रणासाठीचा बेस घेऊन लाल ऑक्साईडचा स्टेनर (छटा आणायला मिसळायचा दाट रंग), थोडा पिवळा आणि अगदी किंचित काळा घातला. तो मान्य झाला. पांढराही तसाच उघडा पांढरा घेतला नाही. लिटरला पिवळ्या स्टेनरचे दोन-तीन थेंब घातले की तांदळाची साय उतरते आणि डोळ्यांना टोचत नाही.

ॲक्रेलिकमध्ये बांबूची काडी चालत नाही. चावून मऊ केलेल्या टोकाच्या धाग्यांत रंग सुकून बसतो आणि काडी थोड्याच वेळात खिळ्यासारखी होते. चित्रकारांनी रेघेला २ आणि ४ नंबरचे गोल ब्रश घेतले. काडी फक्त ठिपक्यांना ठेवली, तीही दर वेळी नवी. रंगात दहा टक्क्यांच्या आसपास पाणी घातले. त्याहून घट्ट रंगाची रेघ उठून दिसते आणि तिच्या कडेला धूळ बसते, त्याहून पातळ ओघळते.

मापाचा प्रश्न पहिल्या वेळी राहून गेला होता. कुडाच्या लग्नघरात माणूस भिंतीपासून हातभर अंतरावर असतो, तिथे दोन इंचांची माणसे पुरतात. शाळेची भिंत पंधरा-वीस फुटांवरून, पटांगणातून दिसते. या वेळी तारपा नाचातली माणसे सहा इंचांची केली आणि दोन-अडीच इंचांची बारीक वस्ती, म्हणजे खेकडे, मुंग्या, कोंबड्या, भांडणारी पोरे, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवली. मोठी माणसे काढताना वरचा त्रिकोण खालच्यापेक्षा जरा रुंद ठेवावा लागतो. दोन्ही सारखे केले की माणूस डमरूसारखा ताठ दिसतो, वाकत नाही. कमरेचा सांधा, जिथे दोन टोके भेटतात, तिथे रंगाचा ठिपका जाड होऊ द्यायचा नाही. वारली माणसाची सगळी लवचिकता त्या सांध्यात आहे.

खालचे अडीच फूट मोकळे, नुसते गेरूच्या रंगाचे ठेवले. खांदे, दप्तरे, फरशी पुसताना उडणारे पाणी, सगळे तिथेच लागते. तो पट्टा रंगारी वर्षाला परत मारू शकतो, चित्राला हात न लावता.

केलेले काम: जेवणघराचे फलक

कारवी तोडायला लागलीच नाही. गावात एक जुने घर उतरवले होते, त्याच्या कुडाच्या काठ्या मिळाल्या. जुनी कारवी पक्की वाळलेली असते, नवीसारखी आकसत नाही.

पहिला फलक ४ बाय ६ फुटांचा केला. तो पन्नास किलोच्या घरात गेला. उचलताना चौकट पिळली आणि मधोमध आडवी भेग गेली. नंतरचे सहा फलक ३ बाय ४ फुटांचे, एकाच बाजूने लिंपलेले, पंचवीस किलोच्या आसपासचे. मागे तिरपी पट्टी ठोकली, तिने पिळ थांबला.

लिंपण: चाळलेली लाल माती तीन भाग, ताजे शेण एक भाग, भाताचे तूस अर्धा भाग. पाणी घालून तुडवून तीन दिवस मुरवले. पहिला थर बोटाच्या जाडीचा, सावलीत चार-पाच दिवस. उन्हात ठेवलेला एक फलक दुसऱ्याच दिवशी जाळीसारखा तडकला. पहिल्या थराला भेगा पडणारच, त्या ओल्या हाताने बुजवायच्या. त्यावर शेण आणि बारीक माती समसमान घेऊन पातळ सारवण, मग गेरू. गेरू या वेळी खड्याचा आणला, रात्रभर भिजवून, वस्त्रगाळ करून, किलोला साधारण ५० ग्रॅम बाभळीचा डिंक भिजवून घातला. सुकल्यावर तळहात घासून पाहिला, हाताला लाल लागायला नको.

पिठी: २०० ग्रॅम तांदूळ रात्रभर भिजवले, पाट्यावर गंधासारखे वाटले, मलमलीतून गाळले, १० ग्रॅम डिंकाचे पाणी घातले. नखावर थेंब ठेवला तर पसरला नाही पाहिजे आणि काडीतून सलग उतरला पाहिजे. पिठी त्याच दिवशी संपवायची. दुसऱ्या दिवशी ती आंबते, वास येतो आणि अशा पिठीवर बुरशी लवकर धरते.

परिणाम

दोन पावसाळे झाले. व्हरांड्याच्या चित्राला कुठेही पोपडा नाही. एका खिडकीखाली तळहाताएवढा लोणा आला. तिथे चौकटीच्या फटीतून पाणी जात होते. फट बुजवली, तेवढा भाग सुकवून परत रंगवला. खालचा पट्टा एकदा मारून झाला. पहिल्या चित्राची रेघ जास्त जिवंत होती, असे चित्रकार स्वतः म्हणतात, आणि ते दिसतेही. ब्रशची रेघ एकसारखी जाते, काडीच्या रेघेतली जाड-बारीक थरथर तिच्यात येत नाही.

फलकांपैकी दोन पहिल्या पावसाळ्यात थोडे फिकटले, एकावर झुरळांनी काम केले. कुणी तक्रार केली नाही, कारण फलक दिवाळीनंतर सारवायचे हे ठरलेलेच होते. नववीच्या मुली सारवण घालतात, आज्या शेजारी बसून पिठीचा दाटपणा पाहतात, एक चित्रकार दोन दिवस येतो. आधी मुलांच्या हाती फक्त भराव होता, आता आधार करण्यापासूनचे सगळे काम त्यांच्या हाती येते. रेघेवर दुसरा हात द्यायची सवय पहिल्याच वर्षी सुटली.

काय वेगळे करता आले असते

पहिल्याच वेळी दोन फूट चौरसाचा नमुना काढून महिनाभर ठेवला असता, तर डिस्टेंपरचा दोष डिसेंबरआधी कळला असता. ओल्या फडक्याने पुसून, चिकटपट्टी लावून ओढून पाहायला दहा मिनिटे लागतात. स्नेहसंमेलनाची तारीख पुढे ढकलता येत नव्हती, पण त्या दिवसापुरते कापडावरचे चित्र लावता आले असते. नव्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारून मुरवणे आणि त्यानंतर एक कोरडा हंगाम सुकू देणे, याला आडवाट नाही.

दुप्पट डिंकाच्या बाबतीत दोष चित्रकारांवर ढकलणे अन्यायाचे होते. खालचा आधार काय आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, त्यांनी विचारलेही नाही. दोघांनी एकदा मिळून भिंत पाहिली असती तर पुरले असते. दुरुस्तीच्या वेळी भिंतीची तयारी आणि चित्र यांचे दर वेगळे लिहिले गेले, आणि तयारी मान्य आहे अशी सही चित्रकाराने केल्याशिवाय रेघ सुरू करायची नाही, असे ठरले.

४ बाय ६चा फलक ही टाळता येणारी नासाडी होती. एक चौरस फूट लिंपण करून वजन केले असते तर हिशेब आधीच कळला असता. चुन्याचा नमुना राहून गेला तो राहिलाच.

शाळेच्या दुसऱ्या विंगेचा गिलावा आता चालू आहे. तिथे डिस्टेंपर मारायचा नाही असे कंत्राटदाराला लेखी दिले आहे, पन्हाळीचे नळ आधीच लांब सोडले आहेत आणि आतल्या भिंतीत फलकांसाठी लोखंडी कड्या गिलाव्याआधीच बसवल्या आहेत. मागच्या भिंतीचा एक कोपरा चुन्याच्या नमुन्यासाठी राखून ठेवला आहे.